नत्र तर खत आहे, मग सूचिपर्णी जंगलं आजारी का पडली?

आमच्या ऐरोलीच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणारी मुलगी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते. जिन्यात भेटली की "काकू, एक विचारू का?" म्हणते आणि मग घरात दूध उतू जाईपर्यंत सोडत नाही. या वेळी तिने प्रश्न लिहूनच पाठवला. "पुस्तकात म्हटलंय की हवेच्या प्रदूषणामुळे युरोप-अमेरिकेतल्या सूचिपर्णी जंगलांच्या मातीतलं अन्नद्रव्यांचं चक्र बिघडलं. पण धुरातून पडतो तो नत्रच ना? शेतकरी तो पैसे मोजून टाकतो, जंगलाला फुकट मिळाला तर वाईट काय? आणि आपल्या ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलाला हेच होत असेल का? मला त्यावर प्रोजेक्ट करायचंय." मी ३१ वर्षं माती तपासत आले, त्यातली दोन जर्मनीत, हार्ट्झच्या डोंगरात स्प्रूस या सूचिपर्णी झाडांखाली पावसाचं पाणी धरायच्या बादल्या लावण्यात गेली. जिन्यात उभ्या उभ्या सांगून होण्यासारखं हे नाही, म्हणून लिहून देते.

आधी तुझं खतच घेऊ. कोकणात सुधारित भाताला हेक्टरी १०० किलो नत्राची (नायट्रोजन) शिफारस असते, सोबत ५० किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि ५० किलो पालाश (पोटॅशियम). युरोपातल्या सूचिपर्णी जंगलात मात्र वर्षाला हेक्टरी १० किलोच्या पुढे नत्र पडू लागला की तज्ज्ञ सावध होतात, आणि २५ किलोच्या पुढे गेला की ओढ्याच्या पाण्यात नायट्रेट, म्हणजे नत्राचं पाण्याबरोबर सहज वाहणारं रूप, उतरणार हे जवळपास धरूनच चालतात. भाताच्या एका हप्त्याएवढंच की हे! मग एवढ्याने बिघडतं काय? भाताचा नत्र दाण्यात आणि पेंढ्यात जातो, कापणी झाली की खाचरातून बाहेर पडतो. जंगलातून कोणी काही कापून नेत नाही. पडलं ते तिथेच साठतं, दरवर्षी, चाळीस-पन्नास वर्षं. शिवाय शेतकरी नत्राच्या जोडीला बाकीचंही देतो. धुराडं नुसता नत्र देतं, आणि गंधकाच्या आम्लाने जमिनीतलं कॅल्शियम-मॅग्नेशियम उलट धुऊन नेतं. एका हाताने भात वाढायचा आणि दुसऱ्या हाताने आमटीची वाटी उचलायची, असं हे जेवण.

हे कळायला त्या जंगलाची जमीन डोळ्यांसमोर आणावी लागेल. आपल्याकडे सागाचं पान उन्हाळ्याच्या तोंडावर गळतं आणि पावसाळा संपेपर्यंत त्याच्या बहुतेक शिराच उरतात. स्प्रूसच्या सुईचं, म्हणजे पानाचं, तसं नाही. वर मेणाचा थर, आत लिग्निन (लाकडाला कठीण करणारं द्रव्य) ठासून भरलेलं, नत्र बेताचा, आणि त्यात हवा थंड. ती कुजायला वर्षानुवर्षं घेते. म्हणून खऱ्या मातीच्या वर सुयांची गादी तयार होते. सगळ्यात वर ओळखू येणाऱ्या तपकिरी सुया, त्याखाली तुटक्या, अर्धवट कुजलेल्या, आणि तळाशी बोटाला तेलकट लागणारा काळा ह्युमस. खुरप्याने गादीचा तुकडा उचलला की खाली बुरशीच्या पांढऱ्या-पिवळ्या धाग्यांचं जाळं दिसतं. गांडूळ औषधालाही सापडत नाही. या गादीचा सामू (pH, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ४ च्या आसपास असणं हा आजार नव्हे, ती त्या जंगलाची प्रकृतीच आहे. हे आधीच सांगते, कारण नवीन मुलं सामू ४ दिसला की लगेच प्रदूषणाचा अहवाल लिहायला बसतात. मीही बसले होते.

अशा जंगलात नत्राची कायम चणचण असते. सुईत अडकलेला नत्र बुरशी सोडवते, आणि झाडाची बारीक मुळं त्या बुरशीला चिकटलेली असतात. या जोडीला आपण मायकोरायझा म्हणतो. झाड साखर देतं, बुरशी नत्र, स्फुरद आणि पाणी आणून देते. हा व्यवहार किती मोठा असतो, ते स्वीडनमधल्या पेटर होग्बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगातून समजलं. २००१ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांनी पाइनच्या खोडांची साल कड्यासारखी सोलून काढली, म्हणजे पानांतली साखर मुळांपर्यंत पोचेनाच. दोन महिन्यांच्या आत त्या जमिनीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड निम्म्याहून खाली आला. जमिनीचा अर्धा श्वास झाडाने आत्ता केलेल्या साखरेवर चालतो, म्हण ना. आणि इतकी चिकट देवघेव असते म्हणूनच निरोगी सूचिपर्णी जंगलातून येणाऱ्या ओढ्यात नायट्रेट जेमतेम सापडतं.

आता वरून काय येतं ते बघू. पावसातून येतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. 'आम्लवर्षा' या अर्थाचा शब्द रॉबर्ट अँगस स्मिथने १८७२ सालीच वापरला होता. पण सूचिपर्णी झाडांच्या बाबतीत पावसाइतकंच, काही ठिकाणी पावसाहून जास्त, कोरडं येतं. सुया म्हणजे फणीच. वाऱ्यातले कण, वायू, डोंगरावरच्या धुक्याचे थेंब त्या गाळून घेतात. बीचसारखं पानगळीचं झाड हिवाळ्यात उघडं असतं. स्प्रूस मात्र बारा महिने हिरवा, आणि युरोपात कोळसा जास्त जळायचा तो नेमका हिवाळ्यात. मग पाऊस आला की सुयांवर साठलेलं सगळं धुऊन खाली उतरतं. म्हणून बादल्या दोन ठिकाणी लावाव्या लागतात, एक उघड्यावर आणि एक झाडाखाली. दोन्हींतलं पाणी वेगळं असतं, आणि त्यांच्या फरकातच निम्मी गोष्ट असते. (माझ्या पहिल्या महिन्यात झाडाखालच्या एका बादलीत अमोनियम इतकं आलं की मी प्राध्यापकांना मोठ्या उत्साहाने आकडा दाखवायला गेले. त्यांनी शांतपणे विचारलं, "बादलीवर जाळी होती का?" वर फांदीवर कावळ्यांची वस्ती होती.)

गंधकाची गोष्ट थोडक्यात सांगता येते, कारण ती आता बरीचशी मागे पडली आहे. पण तिच्याशिवाय नत्राची कळत नाही. मातीच्या कणांवर आणि ह्युमसवर ऋणभार असतो, त्याला कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश हे धनभारित कण चिकटून असतात. झाडाचं हे किराणा सामान. आम्लातला हायड्रोजन येतो आणि त्यांना हुसकावून त्यांच्या जागी बसतो. नुसतं हुसकावलं तर ते तिथेच घोटाळतील. पण सल्फेट हा ऋणभारित आणि पाण्याबरोबर सहज वाहणारा कण, त्याला एकट्याने वाहता येत नाही. जाताना तो कोणीतरी धनभारित जोडीदार सोबत नेतोच, आणि जोडीदार म्हणून कॅल्शियम-मॅग्नेशियम जातात. सामू साधारण ४.५ च्या खाली घसरला की मातीतल्या खनिजांमधून अॅल्युमिनियम विरघळायला लागतं. ते मुळांच्या टोकांना बाधतं आणि कॅल्शियमची जागाही बळकावतं. जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या बेर्नहार्ड उल्रिश यांनी झोलिंगच्या डोंगराळ जंगलात वर्षानुवर्षं या कणांचं येणं-जाणं मोजून १९७९च्या सुमारास हे मांडलं, आणि १९८०च्या दशकात जर्मनीत 'वाल्डश्टेर्बन', म्हणजे 'जंगलाचं मरण', या एका शब्दाने घराघरात खळबळ उडवली.

इथे माझं मत सांगते. वर्तमानपत्रांनी भाकीत केलं होतं तसं जर्मनीचं जंगल मेलं नाही, आणि त्यावरून काही लोक आज म्हणतात की सगळा बागुलबुवाच होता. दोन्ही बाजूंची घाई झाली. चेक, पोलंड आणि तेव्हाचं पूर्व जर्मनी यांच्या सीमेवर लिग्नाइट जाळणाऱ्या वीजकेंद्रांच्या आसपास क्रुश्ने होरीच्या डोंगरांवर हजारो हेक्टर स्प्रूस खरोखर मेला. तिथे सल्फर डायऑक्साइडने सुयाच थेट जाळल्या, मातीचा भाग त्यानंतरचा. बाव्हेरियाच्या फिश्टेलगेबिर्गमध्ये मात्र झाडं मेली नाहीत, पिवळी पडली, आणि माझ्या मते शिकायला सगळ्यात चांगलं उदाहरण तेच आहे. तिथे जुन्या सुया आधी पिवळ्या होत होत्या, नवीन हिरव्याच राहत होत्या. हे बघूनच मातीवाल्याला अंदाज येतो: मॅग्नेशियम. झाडात मॅग्नेशियम हलतं, टंचाई आली की झाड ते जुन्या सुयांतून काढून नव्या वाढीला देतं. एर्न्स्ट-डेटलेफ शुल्झ यांनी १९८९ साली या जंगलाचा हिशेब मांडला. आम्लाने जमिनीतलं मॅग्नेशियम कमी केलं होतं, आणि त्याच वेळी हवेतून आलेला नत्र झाडाला 'वाढ, वाढ' म्हणत होता. नत्र कमी असता तर झाड हळू वाढलं असतं आणि थोड्या मॅग्नेशियममध्ये भागवलं असतं. म्हणजे एक कमी पडलं आणि दुसरं जास्त झालं, आणि दोन्ही मिळून सुई पिवळी झाली. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या एका डोंगरावर आहे.

उरलेलं अर्धं नत्राचं. १९८९ सालीच अमेरिकेत जॉन एबर आणि सहकाऱ्यांनी 'नत्र-संपृक्तता', म्हणजे जंगलात नत्र मावेनासा होणं, ही कल्पना मांडली. सुरुवातीला भुकेलेलं जंगल नत्र गट्ट करतं, सुयांत नत्र वाढतो, झाडं थोडी जोमाने वाढतातही. तू म्हणतेस तो टप्पा हाच, आणि तो खोटा नाही. उत्तर युरोपात गेल्या काही दशकांत झाडं वेगाने वाढली, त्यात या फुकटच्या नत्राचा वाटा आहे. मग गादीतला नत्र वाढत जातो. कर्ब-नत्र गुणोत्तर (नत्राच्या किती पट कार्बन आहे ते) ३० च्या वर असतं ते २५ च्या खाली उतरलं की खेळ पालटतो. सूक्ष्मजीवांना स्वतःपुरता नत्र मिळून वर उरायला लागतो, आणि अमोनियमचं नायट्रेट करणारे जीवाणू, जे या आम्लट जमिनीत एरवी मागच्या बाकावर असतात, पुढे येतात. नायट्रेट हे सल्फेटसारखंच सहज वाहणारं. वाहताना तेही कॅल्शियम-मॅग्नेशियमला सोबत घेऊन जातं. म्हणून गंधक कमी झाला तरी जमिनीची गळती थांबेलच असं नाही, ती नत्राच्या वाटेने चालू राहू शकते.

पुढच्या टोकाला काय होतं ते हार्वर्ड फॉरेस्टमध्ये दिसलं. मॅसॅच्युसेट्समधल्या या प्रयोगवनात १९८८ पासून लाल पाइनच्या आणि पानगळीच्या भूखंडांवर मुद्दाम नत्र टाकत गेले, काहींवर वर्षाला हेक्टरी ५० किलो, काहींवर १५०. जास्त मात्रेच्या भूखंडावर लाल पाइनची वाढ मंदावली आणि पुढे झाडं मोठ्या संख्येने मेली. भाताला १०० किलो, पाइनला १५०. खत म्हणावं तर फार नव्हे. पण इथे कापणी नव्हती, बाकीची अन्नद्रव्यं नव्हती, आणि वर्षं पुष्कळ होती.

गादीच्या आत काय होतं तेही मजेशीर आहे. नत्र वाढला की सुया भराभर कुजतील असं वाटतं ना? पहिल्या काही महिन्यांत कुजतातही, कारण साखर आणि सेल्युलोज खाणाऱ्यांना नत्र हवाच असतो. पण पुढे उरतं ते लिग्निन. लिग्निन तोडणाऱ्या बुरशा गरिबीत काम करणाऱ्या. लिग्निनच्या पोटात अडकलेला नत्र मिळवायला त्या मेहनत घेतात, नत्र आयता मिळाला की त्यांचं लिग्निन तोडणारं विकर (एन्झाइम) कमी होतं. परिणामी कुजण्याची शेवटची पायरी रेंगाळते आणि काळी गादी जाड होत जाते. म्हणजे चक्राचा एक भाग पळतोय आणि दुसरा पाय ओढतोय. परीक्षेत 'प्रदूषणाने विघटन वाढते की कमी होते?' असा प्रश्न आला तर 'दोन्ही, वेगवेगळ्या वेळी' असं लिही. गुण मिळतील न मिळतील, उत्तर बरोबर आहे.

मायकोरायझाचंही असंच. झाडाला नत्र आयता मिळाला की ते बुरशीला साखर द्यायला हात आखडतं. नेदरलँड्समध्ये डुकरं, कोंबड्या, गुरं यांच्या शेणमुतातून हवेत सुटणारा अमोनिया भरपूर. तिथल्या जंगलांतून शँटरेलसारख्या खाण्याच्या अळंब्यांच्या छत्र्या मागच्या शतकाच्या उत्तरार्धात झपाट्याने कमी झाल्या. छत्री गेली म्हणजे जमिनीखालची बुरशी खंगली. आणि ती खंगली की झाडाला स्फुरद आणि पाणी आणून देणारं कोणी उरत नाही, नेमकं अशा वेळी जेव्हा वाढ जोरात असल्याने स्फुरद जास्त लागतो. त्यात आम्लामुळे मोकळं झालेलं अॅल्युमिनियम उरलासुरला स्फुरद घट्ट धरून बसतं. नत्र भरपूर, स्फुरद नाही: पोळ्यांची चवड आहे आणि भाजी संपली.

डच मंडळींकडून शिकलेली एक गोष्ट तुझ्या प्रोजेक्टला सगळ्यात जास्त उपयोगी पडेल, म्हणून जरा सावकाश वाच. तिथल्या पावसाचा सामू काही फार वाईट नसायचा. कारण हवेतल्या अमोनियाने सल्फ्युरिक आम्लाला आधीच शांत केलेलं असायचं, अमोनियम सल्फेट होऊन ते झाडांवर बसायचं आणि पावसाबरोबर खाली यायचं. बादलीतलं पाणी निरुपद्रवी दिसायचं. पण जमिनीत गेल्यावर जीवाणू त्या अमोनियमचं नायट्रेट करतात, आणि अमोनियमच्या प्रत्येक कणामागे हायड्रोजनचे दोन सुटतात. म्हणजे हवेत आम्ल मारणारा अमोनिया जमिनीत उतरून आम्ल तयार करतो. निको फान ब्रेमेन आणि सहकाऱ्यांनी हे १९८२ साली दाखवून दिलं. पावसाचा सामू पाहून जमिनीचा निकाल लावायचा नाही, हे मी प्रत्येक शिकाऊ मुलाच्या डोक्यात भरवत आले आहे.

ओझोनबद्दल थोडं. ओझोन मातीत उतरत नाही, सुईतच त्रास देतो. पण त्याचा हिशेब मातीतच होतो. लॉस एंजेलिसच्या पूर्वेला सॅन बर्नार्डिनोच्या डोंगरात पॉन्डेरोसा पाइनच्या सुया १९५० च्या दशकात ठिपकेदार, पिवळ्या होऊन अकाली गळू लागल्या. आधी रोग समजले, १९६० च्या दशकात कारण ओझोन निघालं. झाड एरवी तीन-चार वर्षं सुया टिकवतं, तिथे एक-दोन वर्षांतच टाकायला लागलं. खाली सुयांचे ढीग, त्यात गाड्यांच्या धुरातून आलेला नत्र, आणि वर कमी सुया म्हणजे मुळांना कमी साखर. तो ढीग उन्हाळ्यात पेटतोही.

जड धातूंचं त्याहून सोपं आणि वाईट. स्वीडनमधल्या गुसुम या गावात पितळेच्या कारखान्याभोवती तांबं आणि जस्त साठलं, तिथल्या सुया कुजेनाशा झाल्या, कारण कुजवणारेच मेले. रशियाच्या कोला द्वीपकल्पातल्या निकेल-तांब्याच्या भट्ट्यांभोवती तर जंगलच उरलं नाही. पण ही भट्टीच्या आसपासची गोष्ट. नत्र-गंधकासारखी शेकडो मैलांवर जाणारी नाही.

जमीन बरी होते का? होते, पण आपल्या सवडीने नव्हे. स्वीडनच्या गोर्डशॉन इथे १९९१ साली एका छोट्या पाणलोटावर चक्क छप्पर घातलं. वरचा प्रदूषित पाऊस अडवला आणि खाली स्वच्छ पाणी शिंपडलं. नेदरलँड्समध्येही अशी छपरं घातली. जिथे नत्र गळत होता तिथलं नायट्रेट काही वर्षांतच चांगलं उतरलं. सल्फेट मात्र हट्टी निघालं. जमिनीने जुन्या काळात साठवून ठेवलेलं ती पुढे कितीतरी वर्षं हळूहळू सोडत राहिली. आणि गेलेलं कॅल्शियम परत यायचं ते दगड झिजून, म्हणजे फारच सावकाश. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या हबर्ड ब्रूक जंगलात १९६३ पासून पाण्याचा आणि अन्नद्रव्यांचा हिशेब ठेवतात. जीन लायकेन्स आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवलं की आम्लवर्षेने तिथल्या जमिनीतलं कॅल्शियम इतकं गेलंय की हवा सुधारली तरी ओढा पूर्वीसारखा होत नाही. १९९९ साली तिथे एका पाणलोटावर हेलिकॉप्टरने कॅल्शियमचं खनिज टाकलं. २००३ च्या कडक हिवाळ्यात आजूबाजूच्या लाल स्प्रूसच्या सुया करपल्या, कॅल्शियम दिलेल्या भागात त्याहून बऱ्याच कमी करपल्या. सुईच्या पेशींचं आवरण कॅल्शियमने घट्ट राहतं, ते गेलं की थंडी आत शिरते.

जर्मनीत डोलोमाइटची (मॅग्नेशियम असलेल्या चुनखडीची) भुकटी टाकतात, साधारण हेक्टरी ३ टन. झाडांवर हेलिकॉप्टर घोंघावतं आणि खाली आपण पिठाच्या गिरणीत उभं असल्यासारखं होतं. त्याने मॅग्नेशियम मिळतं, गांडुळंही परततात. पण जिथे गादीत नत्र ठासून भरलाय तिथे सामू एकदम वाढवला की कुजणं उसळी घेतं आणि साठलेला नत्र नायट्रेट होऊन विहिरींकडे निघतो. म्हणून आधी गादीचं कर्ब-नत्र गुणोत्तर बघावं, मग चुन्याचं बोलावं. (मी जिथे बादल्या लावायचे त्या हार्ट्झमधला स्प्रूस २०१८ नंतरच्या दुष्काळाने आणि सालीतल्या भुंग्यांनी फार मोठ्या प्रमाणावर गेला. ते बिल मात्र धुराड्यांच्या नावावर फाडू नकोस. पाऊस आणि उष्णता यांची ती गोष्ट आहे.)

आता येऊर. पहिली गोष्ट, आपल्याकडे सूचिपर्णी जंगल नाही. घोडबंदरच्या सोसायट्यांच्या फाटकाशी 'ख्रिसमस ट्री' म्हणून जे उभं असतं ते बहुतेक अरौकारिया, प्रशांत महासागरातल्या बेटांवरचं. ती सूचिपर्णी खरी, पण तिच्या खड्ड्यातल्या मातीत माळ्याचं युरिया, रंगाऱ्याचं पाणी आणि भरावाचा राडारोडा असतो. त्यावरून जंगलाचा निष्कर्ष काढशील तर मला जिन्यात तोंड दाखवू नकोस. येऊरचं जंगल पानगळीचं, साग, ऐन, कुडा, पळस, काटेसावर यांचं, बसाल्टावरच्या मातीतलं. वर्षाचा २५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस चार महिन्यांत कोसळतो, म्हणजे धुपणं आणि झिरपणं इथे निसर्गाचंच चालू असतं. उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच लाल जमिनींत स्फुरद लोह-अॅल्युमिनियमने धरून ठेवलेला असतो, त्यामुळे तिथे झाडांना आधी तो कमी पडतो. स्वीडनमधल्या पाइनला जी नत्राची भूक असते ती अशा जमिनीत नसते. जिथे भूक नाही तिथे वाढलेला नत्र ताटातून लवकर सांडतो, हा मुद्दा तुझ्या प्रस्तावनेत आला पाहिजे.

दुसरी गोष्ट, आपली धूळ. भारतात बऱ्याच ठिकाणी पावसाचा सामू युरोपाएवढा घसरला नाही, कारण मातीच्या धुळीतलं कॅल्शियम आम्लाला मारतं. ठाणे-बेलापूर रस्ता, पारसिकच्या बाजूच्या दगडखाणी, घोडबंदरला उगवणारे टॉवर आणि त्यांचं काँक्रीट यांची भर त्यात आहेच. आता डच गोष्ट आठव. कॅल्शियमने मारलेलं आम्ल जमिनीतही मेलेलंच राहतं. अमोनियाने मारलेलं जमिनीत जिवंत होतं. बादलीत दोन्हींचा सामू सारखाच दिसेल. म्हणून तू सामू मोजून थांबलीस तर काहीच मोजलं नाहीस. कॅल्शियम आणि अमोनियम वेगवेगळे मोज. सोडियमही मोज, कारण खाडी आणि समुद्र जवळ आहेत, पावसातलं काही सल्फेट मिठातूनच येतं. सोडियमवरून ते वजा करता येतं. हे न करता रबाळे-महापेच्या कारखान्यांवर सल्फेटचा ठपका ठेवलास तर तिथला पहिला केमिस्टच तुला खोडून काढेल.

तिसरी, वेळ. स्प्रूस वर्षभर गाळतो आणि वर्षभर धुतला जातो. आपल्याकडे ऑक्टोबर ते मे फांद्यांवर, खोडांवर आणि जमिनीवरच्या कोरड्या पाचोळ्यावर धूळ साचत राहते आणि जूनच्या पहिल्या दोन-तीन सरींत सगळं एकदम उतरतं. जमीन तेव्हा तापलेली असते, सूक्ष्मजीव ओलाव्याची वाट बघत असतात, झाडांची मुळं अजून पुरती जागी झालेली नसतात. आठ महिन्यांचा हिशेब त्या एका आठवड्यात होतो. जुलैमध्ये बादल्या लावशील तर नुसतं पाणी मिळेल.

करायचं कसं ते सांगते. येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं, आणि उद्यानाच्या हद्दीतून माती किंवा पाचोळा उचलायला वन विभागाची परवानगी लागते, त्यासाठी आत्ताच अर्ज कर. मंजुरी येईपर्यंत पावसाळा निघून जातो. एकाच जातीची झाडं, एकाच उताराची जागा, आणि रस्त्यापासूनचं अंतर वेगळं, म्हणजे १०, ५० आणि २०० मीटर. प्रत्येक ठिकाणी झाडाखाली तीन बादल्या, उघड्यावर एक. पाचोळ्यासाठी नायलॉनच्या जाळीच्या पिशव्या शिव, प्रत्येकीत वाळवून मोजलेला १० ग्रॅम पाला, जूनला जमिनीवर खिळव आणि महिन्याला काही उचलून वजन कर. मातीचा नमुना उन्हात वाळवू नकोस, वाळवताना अमोनियमचा आकडाच बदलतो. थंड डब्यात ठेवून त्याच दिवशी पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात काढ. आणि शेतकऱ्यांच्या प्रयोगशाळेत 'उपलब्ध नत्र' म्हणून येतो तो आकडा तुझ्या कामाचा नाही. नायट्रेट, अमोनियम आणि एकूण नत्र असे तीन वेगळे मागून घे.

बादल्या मेच्या तिसऱ्या आठवड्यातच बांधून ठेव, पहिली सर बहुधा रात्रीच येते. आणि त्यांच्यावर जाळी लाव. येऊरला कावळ्यांच्या जोडीला माकडंही आहेत.